थंडीला नको, घामाला घाबर

ताई, नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, वय ३९. दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त आम्ही टोरोंटोशेजारी मिसिसॉगाला आलो. साताऱ्यात असताना यवतेश्वरचा घाट चढून-उतरून हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली होती. इथे आल्यावर धावणं सुटलं. या उन्हाळ्यात पुन्हा सुरू केलं आणि उत्साहाच्या भरात मार्चअखेर हॅमिल्टनला होणाऱ्या ‘अराउंड द बे’ या ३० किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. आता डिसेंबरचा मध्य आहे, बाहेर उणे १० आहे आणि माझा धीर सुटत चाललाय. गेल्या आठवड्यात दोनदा बाहेर पडले. पहिल्या दिवशी छातीत जळजळ झाली, रात्री खोकला. दुसऱ्या दिवशी हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली आणि घरी आल्यावर ठणकायला लागली. सप्टेंबरात १० किलोमीटर ६५ मिनिटांत व्हायचे, आता ७४ लागली. आई सध्या इथेच आहे. ती म्हणते, फुप्फुसं गारठतील, बाईमाणसानं असल्या थंडीत पळायचं काय अडलंय? नवरा म्हणतो, ट्रेडमिलवर पळ. ऑफिस सुटतं तेव्हा काळोख, फुटपाथवर बर्फ. मी शाकाहारी आहे, मार्गशीर्षातले गुरुवार करते, दमा वगैरे कधी नव्हता. शर्यत सोडून देऊ का?

— सातारची लेक, मिसिसॉगा

सातारच्या लेकी,

सोडू नकोस. पंधरा आठवडे हातात आहेत आणि तुझ्या पायांत घाटाची सवय आहे. तू जे काही लिहिलंयस त्यातली एकच गोष्ट मला खरोखर डॉक्टरांकडे न्यावीशी वाटते, ती बोटांची. बाकी सगळं सावरण्यासारखं आहे.

ज्या शर्यतीत तू नाव घातलंयस ती साधीसुधी नाही. हॅमिल्टनच्या बंदराला वळसा घालणारी ही शर्यत १८९४ साली सुरू झाली, म्हणजे बोस्टन मॅरेथॉनच्याही तीन वर्षं आधी. १९०६ साली ती जिंकणारा टॉम लाँगबोट हा ओनोंडागा या आदिवासी राष्ट्रातला तरुण पुढच्याच वर्षी बोस्टन जिंकून आला. मार्चात होणारी शर्यत म्हटली की तिची तयारी हिवाळ्यातच करायची, याला दुसरा रस्ताच नाही. तेव्हा तुझ्या शेजारून जे हजारो लोक धावतील, त्यांतले बहुतेक आत्ता तुझ्यासारखेच दारात उभे राहून बाहेरचा बर्फ बघत असतील.

आधी आईंची शंका. फुप्फुसं गारठत नाहीत. नाक, घसा आणि श्वासनलिका मिळून आत येणारी हवा वाटेतच तापवतात आणि ओलसर करतात, त्यामुळे फुप्फुसांपर्यंत पोचेतो ती जवळपास शरीराच्या तापमानाला आलेली असते. तुला जी जळजळ झाली ती थंडीपेक्षा कोरडेपणाची. उणे १० ची हवा अतिशय कोरडी असते. आपण धापा टाकत तोंडाने ती ओढतो, आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातलं पाणी उडून जातं. मग ती जागा चिडते, खोकला येतो. यावर उपाय दोन. तोंडावर आणि नाकावर बफ, म्हणजे ती नळीसारखी पातळ पट्टी, ओढून घे. बाहेर जाणारा दमट श्वास त्या कापडात अडकतो आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत येतो. दुसरा उपाय म्हणजे पहिली १५ मिनिटं इतक्या सावकाश धाव की तोंड उघडावंच लागू नये. मात्र धावून थांबल्यावर छाती आवळल्यासारखी वाटली, श्वास सोडताना शिटीसारखा आवाज आला किंवा हा खोकला दर वेळी यायला लागला, तर डॉक्टरांना दाखव. दमा नसलेल्यांच्या श्वासनलिकाही थंड हवेत व्यायाम करताना आवळू शकतात आणि त्यावर चांगली औषधं आहेत. छातीत दाब येणं, दुखणं हात किंवा जबड्याकडे सरकणं हे वेगळं. तिथे थांबायचं आणि थेट ९११ ला फोन. घरात कुणाला लवकर हृदयविकार झालेला असेल तर या हिवाळ्यात एकदा रक्तदाब आणि बाकीची तपासणी करूनच घे, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर जास्त भार येतो.

आता मुद्द्याचं. इथल्या हिवाळ्यात धावणाऱ्याला थंडीपेक्षा जास्त त्रास देतो तो स्वतःचा घाम. तू धावत असतेस तोवर शरीर भट्टीसारखं तापलेलं असतं, उणे १० त्याला फारसं काही करू शकत नाही. पण कपडे ओले झाले आणि तू सिग्नलला थांबलीस, चालायला लागलीस किंवा वारा समोरून आला, की ओलं कापड अंगातली उष्णता भराभर ओढून घेतं. कुडकुडणं, बोटं न वळणं, बोलताना जीभ जड होणं, उगाच ठेचकाळणं ही सगळी अंगातली ऊब घसरत चालल्याची चिन्हं. त्यामुळे कपडे निवडताना प्रश्न असा विचारायचा की वीस मिनिटांनी मला घाम येईल का? बाहेरच्या तापमानात दहा अंश मिळवायचे आणि त्या हवेला साजेसे कपडे घालायचे. उणे १० असेल तर शून्याचे. दारातून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं थोडं गारच वाटायला हवं. बाहेर पडताक्षणी छान उबदार वाटलं, तर परत आत जा आणि एक थर काढून ठेव.

अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर पातळ फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, ज्याची चेन तुला हवी तशी खालीवर करता येईल. पायाला एक जाड टाइट्स पुरते, उणे १५ च्या खाली वर एक सैल पँट. मोजे लोकरीचे. सुती काहीही नको. आणि सुती म्हणजे आतले कपडेसुद्धा. बायका वरची सगळी खरेदी नीट करतात आणि आत रोजचीच सुती ब्रा घालून निघतात. घरी परतल्यावर सगळ्यात गार तीच असते, छातीला ओली पट्टी बांधल्यासारखी. तर परत आल्यावर घड्याळ बंद करणं, फोटो, मेसेज हे सगळं नंतर. आधी ओले कपडे काढायचे, केस कोरडे करायचे. हे दहा मिनिटांच्या आत व्हायला हवं. म्हणून निघण्याआधीच कोरडा जोड हीटरजवळ काढून ठेव.

हवामानाच्या पानावर नुसतं तापमान बघू नकोस, विंडचिल बघ. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. विंडचिल उणे २७ च्या आसपास गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठण्याचा धोका असतो. त्या दिवशी बाहेर पडायचंच नाही, मग रविवार असो की आणखी काही. आणि निघताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर निघ, परतताना वारा पाठीशी घे. उलट केलंस तर निम्म्या वाटेवर घामाने भिजलेली तू वाऱ्याला तोंड देत घरी येशील. मिसिसॉगात तळ्याकाठची वॉटरफ्रंट ट्रेल सुंदर आहे, पण ओंटारियो तळ्यावरून येणारा वारा तिथे अडवायला काहीच नाही. वाऱ्याच्या दिवशी घरांच्या मधल्या गल्ल्याच बऱ्या. लांब धाव असेल तेव्हा मी तर घराभोवती तीन-चार किलोमीटरचे फेरेच घ्यायला सांगते. दर फेरीला दार जवळ येतं, ओला हातमोजा बदलता येतो, पाणी पिता येतं. खिशात बसचं प्रेस्टो कार्ड मात्र ठेवच. पाय मुरगळला, कपडे भिजले, तर बस पकडून सरळ घरी.

आता ती बोटं. थंडीत बोटं पांढरी पडणं, कधी निळसर होणं आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकणं, याला डॉक्टर रेनॉ म्हणतात. त्यात बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. बायकांमध्ये हे जास्त दिसतं आणि बहुतेकींना त्यापासून अपाय नसतो. पण तुला पूर्वी कधी झालं नसेल आणि ३९ व्या वर्षी पहिल्यांदाच होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण क्वचित त्यामागे दुसरं दुखणं असतं. त्याच भेटीत थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि बी १२ ही तपासणी मागून घे. तू शाकाहारी आहेस, लांब अंतर धावतेस, पाळी चालू असेल. अशा बाईच्या शरीरातला लोहाचा साठा हळूच उतरतो आणि आपण थकव्याचं खापर थंडीवर फोडत बसतो.

तोवर पाच बोटांचे हातमोजे बाजूला ठेव आणि मिटन घाल, ज्यात चारही बोटं एकत्र राहतात आणि एकमेकांना ऊब देतात. आत पातळ लोकरी हातमोजा. बुटांच्या नाड्या आधी बांधायच्या, हातमोजे घरात, हात गरम असतानाच चढवायचे. एकदा गार पडलेलं बोट मिटनमध्ये घातलं तरी लवकर गरम होत नाही. आणि हे नीट वाच: बोट मेणासारखं पांढरं, कडक झालं, दाबलेलं कळेना, तर ते रेनॉ नव्हे, हिमदंश आहे. आई तेल घेऊन चोळायला धावेल, तिला प्रेमाने थांबव. चोळल्याने गोठलेली कातडी फाटते. हीटरवरही धरायचं नाही, कारण संवेदना नसलेली जागा भाजली तरी कळत नाही. अंगाला लागेल इतपत कोमट, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बोट बुडवून ठेवायचं आणि संवेदना परत आली नाही तर इमर्जन्सी गाठायची.

बर्फाबद्दल लोक ताज्या भुसभुशीत बर्फाला घाबरतात. त्यावर धावायला उलट मजा येते, पोटऱ्या तेवढ्या दुखतात. घात करतो तो काळा बर्फ. दिवसा थोडं वितळलं आणि रात्री पुन्हा गोठलं, की डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो. सगळ्यात निसरडं उणे १५ ला नसतं, शून्याच्या आसपास असतं. अंधारात ओळखायची एक खूण सांगते. दिव्याखाली रस्ता ओला, चकचकीत दिसतोय, पण जाणाऱ्या गाडीच्या चाकांखालून पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाही. तिथे चालत जा. पाऊल आखूड ठेव, पाय शरीराच्या बरोबर खाली पडू दे, हात खिशात घालू नकोस, वळताना वेग कमी कर. बुटांवर चढवायचे रबरी पट्टे मिळतात, खाली बारीक खिळे असलेले. ते घेच, आणि कोरड्या काँक्रीटवर लागलीच काढ, नाहीतर त्यांच्यामुळेच पाय घसरेल.

म्हणूनच तुझ्या त्या ७४ मिनिटांचं मला काही वाटत नाही. अंगावर तीन थर, पायाखाली भरवसा नाही, पाऊल आखूड, स्नायू गार. नऊ मिनिटं जास्त लागणारच. हिवाळ्यात किलोमीटर मोजायचे नाहीत, वेळ मोजायचा. शेजारी कुणी असेल तर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल, इतक्याच जोरात धावायचं. हृदयाने आणि पायांनी केलेलं काम तेवढंच असतं, घड्याळाला ते दिसत नाही इतकंच. सप्टेंबरचा वेग बर्फावर काढायला गेलीस तर एक तर पडशील, नाहीतर घामाने भिजशील.

वेगाचं काम ट्रेडमिलवर. नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आठवड्यात चार दिवस धाव, त्यांतला एक दिवस ट्रेडमिलचा पक्का, आणि हवा वाईट असेल तर दुसराही. पण सगळंच आत केलंस तर शर्यतीच्या दिवशी वारा, उतार, गार हवा, खडबडीत रस्ता हे सगळं पायांना आणि श्वासाला नवं लागेल. मार्चअखेर हॅमिल्टनला बर्फाचा भुरका असेल की दहा-बारा अंशांचं ऊन, हे आदल्या आठवड्यापर्यंत कुणी सांगू शकत नाही.

ट्रेडमिलवर चढ लाव, कारण या शर्यतीची गोम तिथेच आहे. यवतेश्वरला तू आधी चढतेस आणि थकल्यावर उतरतेस. हॅमिल्टनला बरोबर उलट. पहिला निम्म्याहून जास्त भाग जवळपास सपाट, कारखान्यांच्या आणि तळ्याकाठच्या रस्त्यांनी, आणि पाय जड झाल्यावर बर्लिंग्टनच्या बाजूला नॉर्थ शोअर बुलेव्हार्डचे चढउतार सुरू होतात. एक संपला की दुसरा. सपाटीवर हलकं वाटतंय म्हणून जोर लावणारे लोक तिथे चालताना दिसतात. म्हणून चढाचा सराव ताज्या पायांनी करू नकोस. ४० मिनिटं सपाट धावून झाल्यावर शेवटची १५-२० मिनिटं दोन ते चार टक्के चढावर, मध्ये मध्ये सपाटी घेत. आणि आठवड्यातून दोनदा घरीच वीस मिनिटं बैठका, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं. बर्फावर पाय सटकला की सावरतो तो घोटा आणि कंबर.

लांब धाव रविवारी, सकाळी दहा-साडेदहाला. इथे डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो, पहाटेच्या थंडीत मर्दुमकी गाजवण्यात अर्थ नाही. आत्ता ७५ मिनिटांपासून सुरू कर, दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं वाढव, दर चौथ्या आठवड्याला खाली ये. शर्यतीच्या तीन आठवडे आधी पावणेतीन ते तीन तासांची एक धाव झाली की पुरे, नंतर कमी करत जायचं. वादळाने एखादा रविवार गेला तर मंगळवारी त्याची वसुली करायची नाही, तो गेला. सर्दी नाक-घशापुरती असेल तर हलकं धावता येईल. ताप असेल, छातीत कफ असेल तर अजिबात नाही.

गुरुवारचा उपास असेल त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी जोराची धाव ठेवू नकोस, तो दिवस विश्रांतीला दे. थंडीत तहान कळत नाही, पण प्रत्येक श्वासातून पाणी जातच असतं. तासाभराच्या वर धावणार असशील तर कोमट पाण्याची छोटी बाटली जॅकेटच्या आत, उलटी ठेव. पाणी वरून गोठायला लागतं, उलटी असली की तोंड मोकळं राहतं. दीड तासाच्या पुढे ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका मोठ्या मेजूल खजुरात साधारण १८ ग्रॅम असतात. बिया काढून, तुकडे करून आतल्या खिशात ठेव. चिक्की नको, उणे १० ला ती दगड होते. संक्रांतीचा मऊ तिळगूळ मात्र धावून आल्यावर गरम दुधाबरोबर जरूर खा. फोनही आतल्याच खिशात, थंडीत बॅटरी अचानक मरते. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचार, इथल्या हिवाळ्यातल्या उन्हात ते त्वचेत तयारच होत नाही म्हटलं तरी चालेल.

अंधाराचं म्हणशील तर चमकणारं जाकीट आणि कपाळावरचा दिवा हे दोन्ही हवेत. फुटपाथ साफ नसेल आणि रस्त्यावर उतरावं लागलं तर गाड्यांच्या समोरून धाव, पाठ देऊन नको, आणि बर्फ ढकलणारा ट्रक दिसला की सरळ थांब. एकटीने तर शक्यतो नकोच. ‘रनिंग रूम’च्या बऱ्याच दुकानांतून बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी फुकट गट निघतात, सगळ्या वेगांचे. जवळच्या दुकानात एकदा चौकशी कर.

आईंना सांग, बाई म्हणून थंडीत धावण्यात वेगळा धोका काही नाही. त्यांची काळजी मात्र खोटी नाही, म्हणून त्या काळजीला काम दे. निघताना फ्रिजवर चिठ्ठी लावून जा: कुठल्या रस्त्याने, किती वाजता परत. त्या वेळेच्या वर वीस मिनिटं गेली की त्यांनी फोन करायचा. घड्याळ आणि चिठ्ठी हातात असली की माणूस खिडकीशी कमी उभं राहतं.

या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे, मिटन आणि बफ आण. रविवारी ऊन असेल तर गल्लीतल्या गल्लीत ७५ मिनिटं, घड्याळातला वेगाचा आकडा बंद करून. रक्ताचे रिपोर्ट आले की फेरिटिन किती निघालं ते मला कळव, जानेवारीतलं वेळापत्रक त्यावर ठरवू.